पहिल्यापासून लपणारी विंडो

केयूर गद्रे मरोळला रेगेसाहेबांच्या ऑफिसात कामाला लागला तेव्हा औषधाचं खोकं उलगडून सपाट केलं की कसं दिसतं, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. ते त्याला सुलक्षणाताईंनी दाखवलं. पर्समधून खोकल्याच्या औषधाचं रिकामं कार्टन काढून त्यांनी ते त्याच्या कीबोर्डवर पसरलं आणि म्हणाल्या, "ही पट्टी गोंदाची, इथे काही छापायचं नाही. हे झाकण. इथला मजकूर तुला उलटा दिसेल, पण सरळ करायला जाऊ नकोस हां. घडी पडली की तो आपोआप सरळ होतो."

मुलुंडच्या, आईवडील दोघं प्राध्यापक असलेल्या केयूरला तेव्हा त्या फार आवडल्या होत्या.

सुलक्षणा धुरी त्रेपन्न वर्षांच्या होत्या. राहायला कांदिवलीला, चारकोपात. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरातल्या थोरल्या मुलीने छापखान्यात नोकरी धरली. तिथे कात्री आणि गोंद घेऊन मजकुराचे तुकडे चिकटवायचं काम. कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीच्या बायका घरी बसल्या, ह्या मात्र माऊस धरायला शिकल्या. रेगेसाहेबांच्या ऑफिसात त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. बावीस ऑपरेटर दिवसभर औषध कंपन्यांची कार्टनं आणि लेबलं तयार करायचे, आणि अवघड काम आलं की ते ताईंच्या टेबलावर जायचं.

केयूरला रेगेसाहेबांनी घेतलं ते एका वेगळ्याच कामासाठी. सगळे ऑपरेटर ज्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर काम करत, त्यातच बसणारं एक प्लगइन त्याने बनवायचं होतं. औषधाचं नाव निवडलं की कंपनीने मंजूर केलेला मजकूर आपोआप कार्टनवर जागच्या जागी बसावा, हाताने टाइप करायची गरजच पडू नये. केयूरने आठ महिन्यांत ते उभं केलं. त्यात चार छोट्या विंडो उघडायच्या: मजकुराची, रंगांची, बारकोडची आणि तपासणीची. विंडोच्या डोक्यावर कार्टनचं नाव. 'अप्लाय' दाबलं की काम झालं. रेगेसाहेब खूष. औषध कंपन्यांना दाखवायला त्यांनी मोठा टीव्ही आणला आणि हे प्लगइन इतर शहरांतल्या ऑफिसांनाही विकायचं ठरवलं. त्या नव्या खात्याचा प्रमुख केयूर असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

सप्टेंबरात एक दिवस सुलक्षणाताई त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात वहीचं पान, त्यावर पेन्सिलीने दोन चौकोन आणि एक बाण.

"केयूर, अरे हे बघ जरा. मी दोन कार्टनं उघडी ठेवते. मोठ्यांचं आणि लहान मुलांचं. मजकुराची विंडो मोठ्यांच्या कार्टनसाठी उघडली. वरती नावही मोठ्यांचंच. मग मी रंग बघायला लहान मुलांच्या कार्टनवर क्लिक केलं. विंडो आपली तशीच वर तरंगते, नाव तेच. अप्लाय दाबलं तर मजकूर जातो लहान मुलांच्या कार्टनात! काल दोनदा झालं. नशीब, बघितलं म्हणून."

केयूरला ताबडतोब कळलं की त्या म्हणतात ते खरं आहे. विंडो उघडताना तो त्या कार्टनचं नाव लिहून ठेवत होता, पण अप्लाय दाबल्यावर जे कार्टन पुढे असेल त्यात मजकूर ओतत होता. प्रत्येक विंडो आपापल्या फाईलला बांधून ठेवायला हवी होती. ते काम त्याने 'नंतर करू' म्हणून सोडून दिलं होतं. पण पुढच्या आठवड्यात प्लगइन विकत घेऊ पाहणाऱ्या हैदराबादच्या लोकांना ते दाखवायचं होतं, आणि वहीच्या पानावर बाण काढून आपली चूक समजावणारी ही बाई त्याला त्या क्षणी नकोशी झाली.

"ताई, एका वेळी एकच कार्टन उघडा ना," तो म्हणाला. "सिस्टिम तशीच बनवलीय."

"अरे पण दोन शेजारी ठेवल्याशिवाय तुलना कशी करणार?"

"बघतो मी."

त्याने बघितलं नाही. तक्रारींच्या यादीत त्याने एवढंच लिहिलं: ऑपरेटरची चूक, तक्रार बंद.

जानेवारीत एका शनिवारी सकाळी रेगेसाहेबांचा फोन आला. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची चाळीस हजार कार्टनं छापून तयार झाली होती आणि त्यांच्यावर मोठ्यांचा डोस होता. दिवसातून तीनदा दोन चमचे. औषध कंपनीत बाटल्या भरताना एका कामगार बाईच्या ते लक्षात आलं आणि माल तिथेच थांबला. कुठल्या मुलाच्या पोटात काही गेलं नाही. पण कंपनीच्या क्वालिटी हेड जयंती मॅडम यांनी त्या प्रूफवर स्वतः सही केली होती, न वाचता. त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाचा तरी आहे, हे सिद्ध होणं मॅडमना फार गरजेचं होतं.

"फाईल धुरीबाईंची आहे," रेगेसाहेब म्हणाले. "त्या म्हणतात, विंडोने घोळ केला. मंगळवारी जयंती मॅडम येतायत. त्यांच्यासमोर बाईंच्या मशीनवर करून बघायचं ठरलंय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "केयूर, मी तुला काही विचारत नाही. तुझ्या प्लगइनमध्ये काही खोट असेल, तर ती मंगळवारी नसली पाहिजे. समजलं ना?"

"हो, सर."

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मुलुंडच्या घरी, आईने लावलेल्या नाट्यगीतांच्या आवाजात, केयूरने ते काम केलं. पावणेदोन तास लागले. प्रत्येक विंडो तिच्या तिच्या कार्टनला बांधली. दुसऱ्या कार्टनवर क्लिक केलं की पहिल्याची विंडो लपायची, परत आलं की परत दिसायची. सुबक काम झालं होतं. बदल केला की प्लगइनचा नंबरही बदलायचा असतो, तो मात्र त्याने बदलला नाही. जुन्याच नंबराखाली नवं प्लगइन ठेवलं आणि तक्रारींच्या यादीतली सप्टेंबरातली ओळ काढून टाकली. सप्टेंबरात पावणेदोन तास काढले असते तर, असा विचार त्याच्या मनात आला, नाही असं नाही. पण त्याने चहा मागितला आणि तो विचार गेला.

सोमवारी त्याने एकेका मशीनवर ते बसवलं. "नेहमीचं अपडेट," असं सांगत फिरला. सुलक्षणाताईंच्या टेबलाशी आला तेव्हा त्या खुर्ची सोडून बाजूला उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला होता.

"दोन दिवस अन्न गोड लागत नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "त्या मुलांनी प्यायलं असतं तर? मी देवासमोर बसून होते काल. पण केयूर, मी विंडोवरचं नाव वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. तुला मी दाखवलं होतं ना? तू सांगशील ना त्यांना?"

"बघतो ना, ताई," तो त्यांच्याच खुर्चीत बसून म्हणाला. अपडेटची निळी पट्टी पुढे सरकत होती. ती पूर्ण होईपर्यंत त्या त्याच्यामागे उभ्या होत्या. "जेवलास का?" असंही त्यांनी विचारलं.

मंगळवारी अकरा वाजता ताईंच्या टेबलाभोवती कडं झालं. जयंती मॅडम खुर्चीत, शेजारी रेगेसाहेब, मागे केयूर, आणि भिंतीला टेकून पाच-सहा ऑपरेटर. मशीनवरचं सगळं त्या मोठ्या टीव्हीवर दिसत होतं, म्हणजे ताई कुठे कुठे क्लिक करतात ते सगळ्यांना दिसत होतं.

"करून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी जसं केलंत तसंच."

ताईंनी दोन्ही कार्टनं उघडली. मोठ्यांच्या कार्टनसाठी मजकुराची विंडो उघडली. "आता मी ह्याच्यावर क्लिक करते," असं म्हणून लहान मुलांच्या कार्टनवर क्लिक केलं.

विंडो नाहीशी झाली.

ताई थांबल्या. परत मोठ्यांच्या कार्टनवर गेल्या. विंडो हजर. पुन्हा लहान मुलांच्या. विंडो गायब. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला.

"काय झालं?" रेगेसाहेब म्हणाले.

"ही जात नव्हती, साहेब. ही इथेच वर राहायची."

"पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केलं. पाच वेळा केलं. सहाव्या वेळी त्यांचा क्लिक भलतीकडेच पडला आणि रंगांची विंडो उघडली. भिंतीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. ताईंच्या कानशिलांवर घाम आला होता.

"ही ती विंडो नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "साहेब, देवाशपथ सांगते, आधी अशी लपत नव्हती. काल केयूरने अपडेट टाकलं…"

"नेहमीचं अपडेट होतं," केयूर म्हणाला. विचारण्याआधीच म्हणाला. "नंबर बघा, सर, तोच आहे. ही विंडो पहिल्यापासूनच लपते."

ताईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या बघत होत्या, एखादा अवघड मजकूर पुन्हा वाचून बघावा तशा.

"केयूर, मी तुका कागद दाखवलंय ना रे?" घाबरल्या की त्यांच्या तोंडून घरची भाषा यायची. "मी खोटा बोलतंय?"

"तुम्ही मला दाखवलं होतं, ताई," तो म्हणाला. आवाज मऊ ठेवायचा हे त्याने आधीच ठरवलं होतं. "आणि मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, एका वेळी एकच कार्टन उघडा. तुमचा गोंधळ होतो म्हणून."

जयंती मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

रेगेसाहेबांनी भिंतीकडे मान वळवली. "रुचिरा, तू वर्षभर वापरतेयस हे. विंडो लपते की नाही?"

रुचिरा ताईंच्या हाताखाली तयार झालेली. रोज दुपारी डबा त्यांच्याबरोबर खायची. ती स्वतःच्या नखांकडे बघत राहिली. "माझ्या नीट लक्षात नाही, सर," ती म्हणाली.

"तपासणीच्या विंडोनेही हिरवी खूण दिली होती," ताई कुणाला तरी पटावं म्हणून सांगतच राहिल्या. "मी हिरवी खूण आल्याशिवाय फाईल सोडत नाही. सव्वीस वर्षांत…"

"सव्वीस वर्षं झाली, तेच तर," मॅडम वही मिटत म्हणाल्या. "डोळे तपासून घ्या, बाई. आणि तुमच्या घरी लहान मूल असेल तर रोज त्याच्याकडे बघून देवाचे आभार माना."

ताईंच्या घरी चार वर्षांची नात होती. ऑफिसात सगळ्यांना हे माहीत होतं. 

दुपारी रेगेसाहेबांच्या केबिनमध्ये एक पत्र तयार झालं. चूक माझ्या निष्काळजीपणामुळे झाली, प्लगइनचा त्यात दोष नाही, असा मजकूर. इंग्रजीतलं ते पत्र ताईंना समजावून सांगायला साहेबांनी केयूरलाच बोलावलं. त्याने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. ताईंनी मधे एकदाही त्याला थांबवलं नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "इथे सही?" आणि त्याने बोट ठेवलं तिथे सही केली.

रेगेसाहेबांनी त्यांना काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. कार्टनचं काम काढून घेतलं आणि दाराजवळच्या मशीनवर बसवलं, बारकोडच्या रेघा मोजायला. औषध कंपनीने आणखी एक मागणी केली होती: ऑपरेटरने न वाचता अप्लाय दाबू नये म्हणून काहीतरी करा. केयूरने अर्ध्या दिवसात एक नवी विंडो बनवली. अप्लाय दाबलं की ती स्क्रीनच्या मधोमध यायची, मागच्या सगळ्या विंडो अडवून धरायची आणि विचारायची, 'थांबा. मजकूर नीट वाचलात का?' 'हो' म्हटल्याशिवाय जायचीच नाही.

आठवड्याभरात पोरांनी त्या विंडोचं नाव सुलक्षणा ठेवलं.

"अरे, परत सुलक्षणा आली यार!"

"मग दाब ना तिला, जाईल."

असं दिवसातून पन्नास वेळा. ताई दाराजवळ बसलेल्या असायच्या. पहिल्यांदा त्यांनी मान वर केली होती, आपल्याला कुणी हाक मारली असं वाटून. नंतर त्या मान वर करीनाशा झाल्या. एकदा पोरांच्या हसण्यात केयूरही हसला. हसताना त्याने दाराकडे बघितलं, तर ताई त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने हसू आवरलं नाही. एकदम आवरलं असतं तर वाईट दिसलं असतं, असं त्याला वाटलं.

मार्चअखेर ताईंनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. रुचिराने त्या दिवशी रजा घेतली होती.

केयूर खात्याचा प्रमुख झाला, त्याला केबिन मिळाली. काम उत्तम चाललं होतं, पण जेवायला बसलं की तो ताट अर्धंच टाकून उठायला लागला. डॉक्टरने पित्त सांगितलं. आईने विपश्यनेला जा म्हटलं. शेवटी मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, डझनभर हापूसची पेटी घेऊन तो चारकोपला गेला. पत्ता त्याने ऑफिसच्या फाईलमधून घेतला होता.

दार ताईंनीच उघडलं. केस बरेच पांढरे झाले होते. "ये," त्या म्हणाल्या, आणि पेटी त्याच्या हातातून न घेता आत वळल्या. नात जमिनीवर चित्रं रंगवत होती. तो बसला आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. सप्टेंबर, रविवारची दुपार, नंबर न बदलणं. सांगताना त्याला रडू आलं. खरंखुरं रडू.

ताईंनी त्याला पाणी आणून दिलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी त्याच दिवशी ओळखलं. तू नंबरचं बोललास ना, कुणी विचारायच्या आत, तेव्हाच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणापुढे बोलू?" त्यांनी नातीचा सांडलेला रंग फडक्याने टिपला. "तू ऑफिसात सांगशील हे?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नाही ना? बरं, नको सांगू. ती नोकरी गेली, ती काही परत येत नाही. पण माझ्या घरात सांग. आकाश आता दूध घेऊन येईल. माझ्या मुलाला वाटतं, आईने लहान पोरांच्या जिवाशी खेळ केला. सूनबाई मला हिला औषध पाजू देत नाही, केयूर. चार महिने झाले. बाटली माझ्या हातातून काढून घेते. तेवढंच सांग. एकच वाक्य सांग, बाकी काही नको मला."

"सांगतो," केयूर म्हणाला. त्या क्षणी त्याला ते खरंच सांगायचं होतं.

जिन्यात पावलं वाजली. आकाश आत आला, तिशीचा, चष्मेवाला, हातात दुधाच्या पिशव्या. केयूरला बघून तो चपापला आणि लगेच त्याने हात पुढे केला. "तुम्ही ऑफिसातले ना? फार बरं वाटलं. कुणी आलंच नाही हो आईकडे."

ताई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला. आवाज नको म्हणून असेल.

केयूरने तोंड उघडलं. दाराजवळच्या खिळ्याला कुठल्याशा वकिलाच्या ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं, त्यावर आकाशचा फोटो होता. पत्र, सही, औषध कंपनी, आपलं नाव, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून एका झटक्यात गेलं.

"सहजच आलो होतो," तो म्हणाला. "ताईंची तब्येत बघायला. आंबे आणले होते."

ताईंनी गॅस पुन्हा पेटवला. चहा झाला, त्यांनी कप त्याच्यापुढे ठेवला. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही. नातीने रंगवलेला हत्ती मात्र त्याला दाखवायला आणला. तो "छान" म्हणाला.

आकाश त्याला खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता.

"एक सांगू?" आकाश म्हणाला. "राग मानू नका. सुरुवातीला आई तुमचंच नाव घ्यायची. म्हणायची, केयूरने विंडो बदलली. रोज तेच. एक दिवस मी फार बोललो तिला. म्हटलं, स्वतःची चूक दुसऱ्याच्या पोरावर ढकलतेस, लाज वाटत नाही? तेव्हापासून गप्पच झाली. आणि आज तुम्ही स्वतःहून भेटायला आलात. मलाच कसंतरी झालं."

रिक्षा थांबली. केयूर आत बसला. आकाश वाकून उभा होता, उत्तराची वाट बघत.

"असू दे," केयूर त्याच्या दंडावर थोपटून म्हणाला. "वय झालं की होतं असं. तुम्ही सांभाळून घ्या त्यांना."